हात काढलास का?

मी घाबरट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला ते सुनवायला नको. दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातला कप हिंदकळतो. दादा मला भागूबाईच म्हणतो.

दादा घड्याळं दुरुस्त करतो. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना त्याचा उजवा हात कधी थरथरलेला मी पाहिला नाही. त्या हातावर आमचं घर चालतं. पण घड्याळं जमतात म्हणजे गाडीही जमेल, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. आमची जुनी गाडी महिनाभर बंद पडून होती. घरात तिला सगळे म्हातारी म्हणतात.

"मोठं घड्याळच आहे गं," तो म्हणाला. "फक्त तेल जास्त पितं."

दोन रविवार आम्ही इंजिनाचे भाग रॉकेलमध्ये धुतले. पाण्याचा पंप तेवढा भंगारातून आणलेला, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा. त्याच्यासाठी रॉकेल तीनदा बदललं, तरी काळंच निघत राहिलं. तिसऱ्या रविवारी दुपारी सगळं बसवून झालं, नवा पट्टा चढला, आणि गाडी सुरू करून बघायची वेळ आली.

वहिनी दारातून म्हणाली, "हात सांभाळा हो. गाडीचे सुटे भाग मिळतात, तुमचे नाही मिळत."

बॉनेट उघडलं की समोरची काच झाकली जाते, आत बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. त्यामुळे सगळा कारभार आवाजावर. दादानं पुढून "मार" म्हटलं की मी चावी फिरवायची, "बस" म्हटलं की सोडायची. मधे माझी भर एवढीच, की दर वेळी मी विचारायची, "हात काढलास का?"

"काढला गं आजीबाई! कोपरापासून काढून खुंटीला टांगला. मार आता!"

पाचव्यांदा इंजिन घरघरलं, पट्टा किंचाळला आणि सगळं गप्प झालं.

"पट्टा सैल आहे. थांब जरा," दादा म्हणाला.

मी थांबले. गॅरेजचं शटर निम्मं खाली होतं. रॉकेलचा आणि जळक्या रबराचा वास कोंडला होता. कुठेतरी तापलेला पत्रा टिक… टिक… करत निवत होता. समोर बॉनेटचा रंग उडालेला पत्रा, बाकी काही नाही. बराच वेळ गेला.

"मार."

दादाचाच आवाज. बॉनेटच्या पलीकडून, पण हळू, जवळ येऊन बोलल्यासारखा.

"हात काढलास का?"

"काढला."

एवढंच. ना आजीबाई, ना भागूबाई.

"दादा… दोन्ही?"

"दोन्ही."

"मला दाखव."

मग बॉनेटच्या दोन्ही कडांमागून एकेक हात बाहेर आला. मनगटापर्यंत काळे, बोटं पसरलेली. लहान मुलाची समजूत घालताना दाखवावेत तसे ते तिथे थांबले.

"मार ना…"

मला माझीच लाज वाटली. चावी अर्धी फिरवली, पुढ्यातला लाल दिवा लागला.

ठण्!

माझ्या पायाखाली, गाडीच्या तळावर, लोखंड आपटलं. मी अशी दचकले की हात चावीवरून उडालाच. पुन्हा ठण्, ठण्, आणि खालून दादा फाटक्या आवाजात ओरडला, "मारू नको! हात आत आहे माझा!"

मी चावी उपसून मुठीत धरली. समोर ते दोन्ही हात अजून तसेच होते. मग एकेक बोट आत गेलं. घाई न करता.

काही वेळानं दादा गाडीखालून सरपटत बाहेर आला, पांढराफटक. पट्ट्याचा खालचा बोल्ट, त्या भंगारातल्या पंपाजवळचा, आवळायला तो केव्हाच खाली शिरला होता. मी उतरून पाहिलं. बॉनेटपुढे कुणी नव्हतं.

"बहिरी आहेस का गं?" तो म्हणाला. "हात काढलास का विचारतेस, मी नाही, नाही म्हणून घसा फोडतोय, आणि तू पुन्हा विचारतेस, दोन्ही? शेवटी पाना आपटला!"

"मग हात ओढून घ्यायचास ना!" मला रडू फुटलं.

उजवं मनगट दुसऱ्या हातात धरून तो घरात गेला.

मोरीत वहिनी त्याचा उजवा हात साबणानं घासत होती. बोटांवरचं काळं गेलं. मनगटावरचं जाईना. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, आवळून धरल्यासारखी.

"एवढा जोरात धरलास त्याला?" वहिनीनं मला विचारलं.

"तिनं नाही," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "ओढत होतो मी… कुणी सोडतच नव्हतं."

ते दोन्ही हात तर त्या वेळी बाहेर होते, माझ्यासमोर.