फोन ठेवू नका

ती आपली खुर्ची शोधायला गेली होती. बस्स, एवढंच.

परराष्ट्र खात्याच्या भाषांतर विभागात तिची एक खुर्ची होती — चाकांची, पाठीला बरोबर टेकणारी, साहेबांशी भांडून मिळवलेली. त्या सकाळी येऊन पाहते तर खुर्ची गायब! शिपायाने हात वर केले. "सगळ्या वर नेल्या, मॅडम. तिकडे गोळीबार सुरू झालाय ना, वर कंट्रोल रूम उघडलीय."

समुद्रापलीकडच्या एका देशात सरकार कोसळलं होतं, रस्त्यांवर बंदुका आल्या होत्या आणि पोटापाण्यासाठी तिकडे गेलेली आपली माणसं अडकली होती, हे तिनेही बातम्यांत पाहिलं होतं. वाईटही वाटलं होतं. पण म्हणून माझीच खुर्ची? बाह्या सरसावून ती वर गेली.

लांबट खोली. टेबलाला टेबल जोडलेलं, पायांत वायरींचा गुंता, भिंतभर नकाशा आणि प्रत्येकाच्या कानाला फोन. खिडकीजवळ तिची खुर्ची रिकामीच होती. ती ओढणार, तोच शेजारचा फोन वाजला. वाजतच राहिला. मान वर करायला कुणालाच फुरसत नव्हती, म्हणून शेवटी तिनेच उचलला.

"ठेवू नका!" पलीकडून एक पुरुषी आवाज जवळजवळ ओरडला. "पाया पडतो, फोन ठेवू नका. सकाळपासून खटपट करतोय, आत्ता कुठे लागलाय."

"अहो, पण मी इथली नाहीये. मी फक्त खुर्ची न्यायला आलेय..."

तो हसला. त्याच्या मागे कुठेतरी धाडधाड आवाज होत होते आणि हा माणूस चक्क हसत होता!

"मग बसा ना तिच्यावर," तो म्हणाला.

ती बसली आणि तिथेच फसली.

तो तिथल्या आपल्या दूतावासातला सगळ्यात धाकटा अधिकारी. राजदूत रजेवर बाहेर होते, बाकीचे पहिल्या तुकडीबरोबर रस्त्याने निघाले होते. मागे उरले हा, दूतावासाचा तिथलाच स्थानिक ड्रायव्हर आणि दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेली आपली माणसं — मजूर, परिचारिका, दुकानदार, म्हातारी माणसं, तान्ही मुलं.

टेलिफोनचं काम बघणाऱ्या काकांनी तिला भानगड समजावली. तिकडचं एक्स्चेंज अर्धं जळून गेलं होतं. उरलेल्या लायनींवर एवढा ताण, की कुणी बोलत नसलं की यंत्र ती लाईन तोडून दुसऱ्याला देई. आणि एकदा तुटली, की पुन्हा लागणं देवाच्या हाती.

"म्हणून बोलत राहायचं, पोरी. काम असो, नसो. लाईन जिवंत ठेवायची."

"पण बोलू काय, काका?"

"घ्या! तुला हा प्रश्न पडावा? खालच्या मजल्यावरून तुझा आवाज रोज ऐकतो मी."

तर अशी ती बोलायच्या कामावर लागली. दिवसभर ती, रात्री काका. काका त्याला वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचून दाखवत. "काल रात्री मी तीन घरं आणि एक म्हैस विकत घेता घेता वाचलो," तो सकाळी सांगे. नाव विचारायचं दोघांनाही सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा उशीर झाला होता. तो तिला अलीकडच्या बाई म्हणे. ती त्याला पलीकडचे.

"आज काय दिसतंय खिडकीतून, अलीकडच्या बाई?"

"समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालतेय. वाऱ्याने नुसत्या उडतायत."

"पांढऱ्या?"

"एक निळी आहे... का हो?"

"इथे खिडक्यांना गाद्या लावल्यात. रंग बघून बरेच दिवस झाले." मग हळूच, "निळी म्हणजे कसली निळी?"

आणि ती सांगत बसली. शाईसारखी नाही, जरा उडालेली, कडेला पिवळा धागा... आयुष्यात कुणी तिला इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. घरी तर ती तोंड उघडायच्या आत आई म्हणे, "मुद्द्याचं बोल." इथे मुद्द्याचं सोडून सगळं चालत होतं!

एका दुपारी पावसाची सर आली. तिने काही न बोलता रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. पत्र्यावर, पानांवर, खालच्या मोटारींवर पाऊस वाजत राहिला. तिने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला, तेव्हा पलीकडे अशी शांतता होती, की लाईन तुटली असंच तिला वाटलं.

"आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. आवाज ओला होता. "अजून थोडा वेळ धरता का... प्लीज?"

तिचा हात भरून आला, बाही कोपरापर्यंत भिजली, तरी तिने धरला. मागे काका टेबलावर बोटं वाजवत कसल्याशा गाण्याची ओळ गुणगुणत होते. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर खोलीला डोळेही होते.

आणि त्याच खोलीत बसून ती दुसरंही काही पाहत होती. सरकार म्हटलं की तिला आजवर सह्या, शिक्के आणि हरवलेल्या खुर्च्या आठवत. आता ती पाहत होती — एक मालवाहू जहाज आपला रस्ता सोडून वळतंय, कारण या खोलीतून कुणीतरी विनंती केली. मधल्या देशांचं आकाश एकेक करून उघडतंय. कालपर्यंत चहावरून भांडणारा कारकून एका अनोळखी आईला फोनवर सांगतोय, "नाही मावशी, तुम्ही कितीही वेळा करा, मी उचलतो." एवढा मोठा देश, आणि तो आपला हात इतक्या लांब, इतक्या हळुवारपणे पोचवू शकतो? ती थक्क झाली होती. तिच्या अंगावर काटा येई आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ती आणखी जोरात बडबड करी.

मग एका सकाळी ठरलं. वायुदलाचं विमान निघणार. तिकडचा विमानतळ दुसऱ्या दिवशी थोडा वेळ मोकळा मिळणार होता, नंतर बंद. आलेला आदेश तिनेच त्याला वाचून दाखवला. दूतावासाला कुलूप लावायचं, सगळ्यांनी निघायचं.

"सगळ्यांनी म्हणजे?" त्याने विचारलं. "ड्रायव्हर?"

तिने कायदा बघणाऱ्या साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "आपलं विमान, आपले नागरिक. स्थानिक माणूस आणता येत नाही. उद्या कुणीही उठेल आणि बसेल."

तिला ते सांगावं लागलं. पलीकडचा आवाज पहिल्यांदाच थंड झाला.

"या दिवाणखान्यातल्या एकूण एक माणसाला त्याने गोळीबारातून गाडी घालून आणलंय. काल त्याच्या भावाला घरातून उचललं. गुन्हा काय, तर परदेशी लोकांकडे काम करणाऱ्याचा भाऊ. त्याची बायको आणि तान्हं मूल आमच्या जिन्याखाली आहेत. त्यांना फाटकाबाहेर सोडून मी विमानात चढू?"

"मग... काय करणार?"

"लोकांना विमानात बसवून देतो. मी इथे थांबतो. मी असेपर्यंत हे आवार आपल्या देशाचं आहे, आत कुणी येणार नाही."

"येणार नाही? बंदुका घेऊन फिरणारे लोक तुमची परवानगी मागणार आहेत?"

"बघू..."

"बघू काय बघू!" तिचा तोल गेला. "तुमचं बरोबर आहे, हे कळतंय मला. इथे सुरक्षित बसून उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जातं? पण तुझं काही बरंवाईट झालं तर मी काय करू? सकाळी उठल्यापासून तुला काय सांगायचं ते मनात जमवत येते मी! तोंडसुद्धा पाहिलं नाहीये तुझं... आणि प्रेम बसलंय माझं. कळलं? आता थांब तिकडे आणि बघ काय बघायचं ते!"

पलीकडे एक लहान मूल खुदकन हसलं. कुणी दटावलं. एका म्हातारीचा आवाज आला, "अरे, नीट ऐकू नाही आलं, पुन्हा बोल म्हणावं तिला." आणि टाळ्या... चक्क टाळ्या!

"एक सांगायचं राहिलं," तो चाचरत म्हणाला. "फोन... स्पीकरवर आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. लोक फार घाबरले होते हो. घरच्या भाषेत कुणी काही साधं बोलताना ऐकलं की शांत व्हायचे. तुमच्या चादरी, तुमचा पाऊस... आम्ही सगळ्यांनी ऐकलाय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिने मान वळवली. खोलीतले सगळे फोन खाली आले होते आणि तिच्या मागे खात्याच्या सचिव, मोठ्या बाई, काकांचा हेडफोन कानाला लावून सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. आताही त्या हसल्या नाहीत. त्यांनी रिसीव्हर मागून घेतला.

"मी सचिव बोलतेय. जीव मुठीत धरून जो आपल्या छपराखाली आला, त्याला आपण मारेकऱ्यांच्या दारात सोडत नसतो. तिघांना विमानात बसवा. तुम्हीही चढा."

"बाई, नियम..." कायदेवाले साहेब पुटपुटले.

"नियमाला जाब मी देईन. मंत्रिसाहेबांशीही मीच बोलते." आणि रिसीव्हर परत देत त्या तिला म्हणाल्या, "घे. त्याच्याकडून उत्तर यायचंय ना अजून?"

तिने तो कानाला लावला. "ऐका," तो म्हणत होता, "मला पण तुम्हाला —"

आणि लाईन मेली.

काकांनी सगळी बटणं दाबून पाहिली, घामाघूम झाले. पण व्यर्थ. तो दिवस आणि ती रात्र तिचा जीव टांगणीला लागला. विमान उडाल्याची खबर आली, तिकडे उतरून परत निघाल्याचीही आली. त्यात कोण चढलं, कोण राहिलं, काही कळेना.

तिकडची भाषा तिला येत होती, म्हणून मोठ्या बाईंनी तिला विमानतळावर आपल्याबरोबर नेलं. धावपट्टीवर वारा होता, स्वच्छ ऊन होतं. आधी आकाशात नुसता ठिपका दिसला, मग तो वाढत गेला आणि ते भलंमोठं करडं विमान समोर येऊन थांबलं. त्याचं मागचं दार हळूहळू खाली आलं आणि माणसं उतरू लागली. कुणी ओरडलं नाही. एकाने खाली वाकून जमिनीला हात लावला आणि तो हात तसाच छातीशी धरला.

"सावकाश या," ती कशीबशी म्हणाली. "पाणी या बाजूला आहे."

समोरून जाणारी म्हातारी थबकली. मागचे थांबले. "अगं बाई... हा तर तिचा आवाज!"

आणि मग ते सगळे तिच्याभोवती गोळा झाले. कुणी गालावरून हात फिरवला, कुणी नुसताच दंडाला धरून उभा राहिला. "पाऊस ऐकवलास ना, त्या दिवशी माझा नातू पोटभर झोपला." आपण एकाशी बोलतोय असं समजून ती एवढ्या जणांच्या भीतीशेजारी बसून राहिली होती! हे एवढं मोठं काही आपल्या हातून झालं, यावर तिचा विश्वास बसेना.

गर्दी जरा बाजूला सरली. ड्रायव्हर उतरला, मागोमाग बाळाला छातीशी धरलेली त्याची बायको. आणि सगळ्यात शेवटी एक जण. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला, कान जरा मोठेच.

"मला वाटलं, तुम्ही उंच असाल," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"आवाज उंच आहे," तो म्हणाला. "बाकी एवढंच आहे."

दोघं हसली. हसता हसता तिचं लक्ष त्याच्या मागे गेलं. एक टँकर विमानाला येऊन भिडला होता.

"इंधन का भरतायत?"

तो जमिनीकडे पाहू लागला. "तिकडचा विमानतळ आणखी एकदा थोडा वेळ मोकळा मिळालाय, आणि तिथल्या बंदरावर अजून आपली माणसं आहेत. गोदामात लपलीत. मला ती जागा माहितीय... टाकी भरेपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात तुमचं उत्तर द्यायचंय."

भोवतीचे लोक जागचे हलायला तयार नव्हते. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि हार मानली.

"पाऊस ऐकवलात ना, तेव्हा वाटलं, स्पीकर बंद करावा आणि एकट्याने ऐकावा. एवढी माणसं जीव मुठीत धरून बसलेली, आणि मला तो पाऊस माझ्या एकट्यासाठी हवा होता. लाज वाटली माझी मला. बंद नाही केला. पण तेव्हाच कळलं... प्रेम आहे माझं तुमच्यावर. फार आहे."

तिचे डोळे वाहू लागले. "आता मी 'जाऊ नका' म्हणायला हवं."

"म्हणा. थांबता नाही येणार. पण कुणी म्हणालं, हे बरोबर नेता येईल."

"जाऊ नका," ती म्हणाली. आणि त्याचा हात घट्ट धरून, "आता जा. आईला मी सांगून ठेवते."

"काय सांगाल?"

"स्थळ चांगलं आहे, नोकरी सरकारी आहे. फक्त मुलगा घरी नसतो."

टँकर दूर झाला. तो चढला आणि दार वर गेलं.

बसगाड्या तयार उभ्या होत्या. कुंपणापलीकडे नातेवाईक नावं घेऊन हाका मारत होते. अधिकारी सांगून थकले, पण एकही माणूस बसकडे गेला नाही. "तो वर जाईपर्यंत थांबू दे रे," म्हातारी म्हणाली. घर हाकेच्या अंतरावर असलेली ती सगळी माणसं तिच्याबरोबर उन्हात उभी राहिली. विमान धावलं, जमिनीवरून सुटलं आणि वर वर जात पुन्हा ठिपका झालं.

ड्रायव्हरची बायको जवळ आली. तिने आपल्या भाषेत विचारलं, "तो तुझा कोण?"

तिने त्याच भाषेत उत्तर दिलं.

"काय विचारलं तिने? तू काय म्हणालीस?" म्हातारी कानाशी हात नेत म्हणाली. "आम्हालाही कळू दे."

तिने डोळे पुसले आणि या वेळी मुद्दाम, कुंपणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "माझा होणारा नवरा आहे!"