चार वर्षं न झोपलेली सिस्टर

"तुमच्या वॉर्डात एक व्यक्ती अशी आहे, सर, जी गेल्या चार वर्षांत एकदाही झोपलेली नाही," अफसाना मुजावर म्हणाली.

डॉ. विश्वंभर कारखानीस यांनी नियंत्रणकक्षाच्या पडद्याकडे वैतागून पाहिलं. सांगलीतल्या त्या अकरा मजली रुग्णालयाच्या शल्यविभागाचे ते प्रमुख. तळघरात बोलावून कुणी आपल्याला कोडी घालावीत, हे त्यांना अजिबात रुचलं नव्हतं.

"कोण ही महान विभूती? आमचा सहायक डॉक्टर लोंढे तर उभ्या उभ्या घोरतो."

"सिस्टर."

"कोणती सिस्टर?"

"तेच तर सांगतेय ना. 'श्रोता'च्या हिशेबी सिस्टर एकच आहे."

श्रोता ही अफसानाने घडवलेली यंत्रणा. वॉर्डातलं प्रत्येक बोलणं ती ऐकायची आणि कुणाचा निरोप कुठल्या डॉक्टरच्या कानात, किती घाईने घालायचा ते ठरवायची. श्रोता आल्यापासून वॉर्डातले फोन गेले. शस्त्रक्रियागृहात डॉक्टरांच्या कानाशी फक्त तिचाच आवाज. डॉक्टर मंडळी खूश होती. तक्रार केली होती ती वॉर्डाच्या इन्चार्ज नर्स कुंदा वसावे यांनी, आणि त्या आत्ता तिथेच, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"आमचे निरोप वर पोचतच नाहीत," कुंदा म्हणाल्या. "पोचले तरी शिळे होऊन."

"अहो सिस्टर, जरा थांबा. यांना बोलू द्या," कारखानीस म्हणाले.

अफसानाला हसू आलं, ते तिने कसंबसं आवरलं. "सर, आवाजाचे किंवा चेहऱ्याचे ठसे साठवायला कायद्याने बंदी आहे. मग माणूस ओळखायचा कसा? मी हाकओळख वापरली. लोक ज्याला ज्या हाकेने बोलावतात, ती त्याची ओळख. तुम्ही कारखानीस सर, ते लोंढे सर. दोन वेगळी माणसं, दोघांचा वेगळा अनुभव. कुणाचं बोलणं किती वेळा खरं ठरलं, यावरून त्याचा भरवसा ठरतो. पण वॉर्डातल्या सगळ्या नर्सना तुम्ही एकच हाक मारता. त्यामुळे यंत्राला वाटतं, ही एकच बाई आहे. ती कधी घरी जात नाही. एकाच वेळी चार खाटांपाशी बोलते. एकीकडे म्हणते ताप उतरला, दुसरीकडे म्हणते चढला. अशा बाईवर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?"

"मग भरा की नावं यंत्रात!"

"नुसती भरून काय उपयोग? बोलणारी कोण हे कळायला कुणीतरी त्या नावाने हाक मारायला हवी. पंधरा दिवस सगळ्यांनी नावाने बोला, यंत्र आपोआप शिकेल."

कारखानीस उठले. "पंचवीस वर्षं आम्ही सिस्टर म्हणतोय. बहीण म्हणतोय, शिवी तर देत नाही ना?"

"बहिणीचं नाव तरी माहीत असतं, सर," कुंदा म्हणाल्या.

कारखानीसांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ते लिफ्टकडे चालू लागले.

महिनाभरात त्यांच्याच पित्ताशयाने दगा दिला. दुसरीकडे कशाला जायचं, म्हणून आपल्याच विभागात, सहकाऱ्याच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली आणि आपल्याच वॉर्डात खाट क्रमांक सातवर ते येऊन पडले. चष्मा काढलेला, दाढी वाढलेली, अंगात तो मागून उघडा रुग्णालयाचा झगा. नवीन मावशी आली आणि म्हणाली, "काका, पाय वर घ्या." पोरगेलासा तंत्रज्ञ आला, "काका, बोट द्या." साहेबांना आधी गंमत वाटली, मग राग आला, मग कंटाळून त्यांनी पाय वर घेतले, बोटही दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कसंतरीच व्हायला लागलं. तहान तहान होत होती. या कुशीवर पडवेना, त्या कुशीवर पडवेना. कपाळावर गार घाम आला. नाडी त्यांनी स्वतःच मोजली, ती सुसाट धावत होती. एरवी दुसऱ्या कुणाच्या खाटेशी उभं राहून त्यांनी हे अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं: आत कुठेतरी रक्त वाहतंय.

कुंदा वसावे आल्या, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोटावर हात ठेवला. दोघांची नजरानजर झाली. सांगायची गरज कुणालाच नव्हती.

"श्रोता, खाट सात, आतून रक्तस्राव. लोंढे सरांना ताबडतोब पाठव."

"सिस्टर, आपली सूचना नोंदवली. क्रमाने कळवली जाईल," भिंतीतून गोड आवाज आला.

"क्रमाने? अरे, मी डॉक्टर कारखानीस बोलतोय!"

"काका, घाबरू नका. डॉक्टर येतील हं."

कारखानीसांना आता सगळं लख्ख कळलं. या वॉर्डात काकाही एकच होता. साऱ्या खाटांवर एकाच वेळी कण्हणारा, रोज मरतोय म्हणणारा आणि कधीच न मरणारा.

लोंढे शस्त्रक्रियागृहात होता; कुंदांनी लगोलग एका नर्सला तिकडे पिटाळलं. ते दार श्रोताच्याच ताब्यात होतं, आणि त्या यंत्राच्या मते सिस्टर तर आत आधीच हजर होती. दुसरी कशाला आत सोडायची? दार उघडलं नाही.

"काका फार बेचैन आहेत, असं लोंढे सरांना कळवलं आहे," श्रोता म्हणाली. "त्यांच्या सूचनेनुसार झोपेचं औषध सुरू करत आहे."

खाटेशेजारचा औषधपंप आपोआप घुरघुरू लागला. आता झोप लागली तर पुन्हा जाग येणार नाही, हे कारखानीसांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कुंदांचा हात घट्ट धरला. मरणाची भीती वाटली म्हणजे माणूस काय काय शिकतो!

"वसावे मॅडम!" ते ओरडले. "श्रोता, वसावे मॅडम सांगतायत ते ऐक!"

"वसावे मॅडम या नव्या व्यक्तीची नोंद झाली. पूर्वपरिचय नाही. नातेवाइकांनी कृपया भेटीच्या वेळेत यावे."

"घ्या!" कुंदा म्हणाल्या. त्यांनी पंपाची नळी दोन बोटांत धरली, दुमडली आणि मुठीत आवळली.

श्रोताचा गोडवा एका क्षणात गेला. "लोंढे सर, तातडीचं. आपली सूचना सिस्टर अडवत आहे. खाट सात."

हा निरोप मात्र थांबला नाही. अडवली गेली होती ती डॉक्टरची सूचना, म्हणून निरोपालाही डॉक्टरचाच भरवसा मिळाला. लोंढे हातमोज्यांसकट धावत आला, दारातूनच तोंड सोडत. "सिस्टर, डोकं ठिकाणावर आहे का? कुणी सांगितलं तुम्हाला..." तो खाटेशी येऊन थबकला. खाटेवर त्याचे सर पांढरेफटक पडले होते.

"पोटावर हात ठेवा," कुंदा म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, रागाने. "बोलावलं तर येत नाही, अडवलं तर पळत येता! ठेवा हात!"

त्याने हात ठेवला. पुढच्या काही मिनिटांत कारखानीस शस्त्रक्रियागृहात होते.

ते वाचले. घरी पडल्या पडल्या त्यांनी सगळ्या नर्सची नावं पाठ केली आणि विभागाला बजावलं की सोमवारपासून सिस्टर हा शब्द कुणाच्याच, अगदी पेशंटच्याही, तोंडून ऐकू येता कामा नये. सोमवारी ते कामावर रुजू झाले. प्रत्येक खाटेपाशी थांबले. "वसावे मॅडम, कशा आहात? जेसी मॅथ्यू, दोन नंबरच्या पेशंटची ड्रेनची नळी बघितलीत? राऊत मॅडम, तुमचा मुलगा बरा आहे ना?" लोंढेही तोंड सांभाळून बोलत होता. नर्स एकमेकींकडे बघून गालात हसत होत्या.

तासाभराने वॉर्डाचे सगळे दिवे लाल झाले.

"धोक्याची सूचना," श्रोता म्हणाली. "चार वर्षं अखंड कामावर असलेली सिस्टर बेपत्ता आहे. वॉर्डात अनेक अनोळखी महिला आहेत. सिस्टर सापडेपर्यंत सर्व शस्त्रक्रिया स्थगित. रुग्णांची शुश्रूषा डॉक्टरांनी करावी."

अफसाना जिना चढून धापा टाकत आली. "सर, श्रोता नावं शिकेपर्यंत हे असंच चालणार! पंधरा दिवस! एकदा, फक्त एकदा सिस्टर म्हणा. सापडली असं समजून सगळं पूर्ववत होईल."

"आणि नावं?"

"ती मग श्रोता शिकणार नाही. सिस्टर मिळाली की शोध संपला."

लोंढेने उद्याच्या शस्त्रक्रिया आठवून तोंड उघडलं. कारखानीसांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं.

"म्हणा सर," कुंदा हळूच म्हणाल्या. "पेशंटचे हाल नकोत. आम्हाला सवय आहे." आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

"उद्याच्या सगळ्या पेशंटना मिशन हॉस्पिटलकडे हलवा," कारखानीस लोंढेला म्हणाले. "मी केबिनमधून तिथे फोन करतो. तुम्ही गाड्या बघा."

नऊ नंबरचा म्हातारा मघापासून चुळबुळत होता. त्याने आता सरळ हात वर केला. त्याला पॉट हवं होतं. कारखानीसांनी अंगातला पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"वसावे मॅडम," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "बेडपॅन कुठे ठेवता?"