चौघड्याआड

सह्याद्रीच्या धारेवर तांबडं फुटत होतं, तरी निमगडाच्या भैरवकड्याखालची दरी धुक्यात बुडालेलीच होती. कड्याच्या टोकाशी किल्लेदार सुभानजी वाळके उभे होते. त्यांच्या मुठीत दोर होता आणि दोराचं दुसरं टोक कड्याच्या काठावर बाहेर झुकवून उभ्या केलेल्या गोलंदाज राघू शेलाराच्या कमरेला. शेतसारा थकलेल्या गावावर तोफ डागायला राघूने नकार दिला, म्हणून त्याला कडेलोट फर्मावला होता. नगारखान्यात चौघडा झडला की किल्लेदाराने दोर सोडायचा आणि जाणाऱ्याची किंकाळी त्या गजरात विरून जायची, अशी गडाची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल.

हाकेच्या अंतरावर, सदरेत, देहदंड राज्यातून कायमचा उठवावा की नाही याची मसलत तरुण महाराजांपुढे चालली होती. ती संपेपर्यंत थांबावं, असं सुभानजींनी दिवाण त्र्यंबकपंतांना विनवून पाहिलं होतं.

"नवा कायदा उद्याच्या गुन्हेगारांसाठी, किल्लेदार," विड्याला चुना लावत पंत म्हणाले होते. "आजचं आज उरका."

तो चुना लावणारा निवांत अंगठा सुभानजींच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी नगारखान्याकडे पाहिलं आणि करड्या आवाजात हुकूम दिला, "टिपऱ्या खाली ठेवा."

गड मुका झाला.

"सुभानजीबाबा, चौघडा का वाजेना?" राघूचा आवाज त्या शांततेत लख्ख उमटला. "ताटकळत नका ठेवू. पाय कापतायत माझे. घसरलो, तर लोक म्हणतील भ्याला."

सदरेतली मसलत थबकली. महाराज अनवाणीच बाहेर आले; मागून पंत.

"दर वेळी असंच असतं?" महाराजांनी विचारलं.

"असंच, महाराज," सुभानजी म्हणाले. "आपल्याला फक्त चौघडा ऐकू येतो."

"ही हुकूमअदूली आहे," पंत कडाडले. "दोर सोडा."

सुभानजींनी राघूला दोन हात आत ओढलं, आणि दोराचं टोक पंतांच्या जोड्यांपाशी फेकलं. "शिक्का आपला, निवाडा आपला. मग हात तेवढे माझे का? सोडा आपण."

पंतांनी दोराकडे पाहिलं, पण ते वाकले नाहीत. वाकले महाराज, आणि राघूच्या कमरेची गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवली.

देहदंड उठल्याची द्वाही दसऱ्याला फिरली. तोवर हुकूमअदूलीपायी सुभानजींची किल्लेदारी गेली होती आणि पंतांना त्या थोर निर्णयाबद्दल मानाची शाल मिळाली होती. आनंदाचा चौघडा गडावरून खाली वाडीत पोहोचला, तेव्हा पडवीत बसलेल्या सुभानजींनी दोन्ही कान घट्ट दाबून धरले. सारी वाडी नाचत होती. त्यांना मात्र त्या गजराखालची एकेक किंकाळी ओळखू येत होती.