बाहेरून उघडणारं दार

ताईला जुळी झाली, त्या वर्षी आमच्या घरात गाडी आली.

ताई टेकडीपलीकडे राहायची. दोन तान्ही बाळं घेऊन बसमध्ये चढणं तिला जमेना, आणि नातवंडं बघितल्याशिवाय आईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी बाबा म्हणाले, "जुनी का होईना, एक गाडी घेऊन टाकू." घरात गाडी चालवता यायची ती मला एकटीलाच. मी पडद्यांच्या दुकानात शिवायचे, आणि मालकिणीची गाडी घेऊन घरोघरी पडदे पोचवायचे.

गाडी विकणारा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गाडी त्याच्या वडिलांची. ते गेल्यापासून दारात उभी होती. फिकट निळी, दोनच दारांची. आम्ही पोचलो तेव्हा तो बाह्या सरसावून तिला पुसत होता. आम्हाला बघून त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला... आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "या."

बाबांनी टायरला दोन लाथा घातल्या. जाणकार घालतात म्हणून. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"दोष काय काय आहेत?"

"हॉर्न मनात आलं तर वाजतो. वायपर एकच चालतो. चढावर कुरकुरते."

"अहो, विकायची आहे ना तुम्हाला?"

"विकायची आहे. महिनाअखेरीस मी दुसऱ्या गावी चाललोय, थोरल्या भावाकडे, कामाला. पण उद्या तुम्ही शिव्या घालाल, त्या वडिलांच्या गाडीला लागतील."

मला हसू आलं. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं.

चक्कर मारायला निघालो. बाबा मागे, मी त्याच्या शेजारी. मी काच खाली केली. हँडल लोण्यासारखं फिरलं, आणि गार वारा सगळा माझ्या केसांत शिरला. परत आल्यावर मी उतरणार, तोच तो म्हणाला, "थांबा — मी येतो." लगबगीने पुढून वळसा घालून आला आणि माझं दार उघडलं.

माझ्यासाठी कुणी कधी दार उघडलं नव्हतं. हातात पडद्यांचे गठ्ठे असायचे. दारं मी गुडघ्यानेच ढकलायचे. मी उतरले, हसले... आणि उगाचच ओढणी नीट केली.

घरी येताना बाबा म्हणाले, "गाडी बरी वाटली."

मी म्हटलं, "हो. माणूस सरळ आहे."

"मी गाडीबद्दल बोलतोय."

गाडी घेतली. पहिल्याच दिवशी ताईला आणि बाळांना घेऊन आले. ताई दोन्ही हातांत बाळं घेऊन आत अडकून बसलेली. एक बाळ माझ्याकडे देऊन तिने खूप खटपट केली.

"अगं, हे दार आतून उघडतच नाही!"

मी बाहेर जाऊन उघडलं. सहज उघडलं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो वळसा, ते "थांबा"...

तशीच चष्म्याच्या दुकानात गेले.

"सगळे दोष सांगितलेत. दाराचा का नाही सांगितलात?"

त्याच्या हातातली काच हातातच राहिली. "सांगणार होतो. पण उतरताना तुम्ही हसलात. मग... सांगावंसं वाटेना."

"म्हणजे फसवलंत."

"हो," तो म्हणाला. "रविवारी येऊन दुरुस्त करून देतो."

रविवारी आला. दार खोललं, तेल घातलं, परत लावलं, आतून उघडेना. पुढच्या रविवारीही आला. आई त्याला जेवल्याशिवाय सोडेना, बाळं त्याचा चष्मा ओढत. ताई माझ्या कानाशी लागली, "दार बिघडलंय की दुरुस्त करणारा?"

"गप बस गं," मी म्हटलं. पण त्या रविवारी मी तीनदा वेणी घातली होती.

महिना सरला. त्याने बॅग भरली. मी म्हटलं, "स्टेशनवर सोडते. तुमचीच गाडी, शेवटची चक्कर."

बारीक पाऊस होता. वायपर माझ्या बाजूचा चालायचा. त्याच्या बाजूची काच सगळी धुरकट. तो त्या धुरकट काचेतून काय बघत होता कोण जाणे. वाटभर आम्ही बोललो ते हॉर्नबद्दल.

स्टेशन आलं. मी गाडी बंद केली. आता मी उतरायचं, वळसा घालायचा, दार उघडायचं. पण मला उठवेना. हात स्टिअरिंगवरच.

"दार..." तो हळूच म्हणाला.

"नाही उघडत."

"आतून नाही उघडत, ते माहीत आहे मला —"

"मी बाहेरूनही नाही उघडत."

बोलून गेले, आणि कान तापले. तो बॅग मांडीवर घेऊन बसून राहिला. रेल्वेची शिट्टी झाली, डबे एकेक करून पुढे सरकले, फलाट रिकामा झाला. मग त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाला, "भावाला कळवायला हवं."

"काय कळवणार?"

"गाडीत अडकलोय म्हणून."

परत येताना, अर्ध्या वाटेवर, माझं लक्ष काचेच्या हँडलकडे गेलं. काच खाली करून हात बाहेर काढला असता, तर दार केव्हाच उघडलं असतं. ती गाडी त्याच्या वडिलांची. त्याला हे माहीत नव्हतं होय?

मी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही.

ती गाडी पुढे मोडीत गेली. नंतरच्या गाड्यांची दारं चांगली होती. पण हे मात्र बसूनच राहायचे. मी म्हणायचे, "थांबा — मी येते," आणि वळसा घालून दार उघडायचे. लेक चिडवायची, "बाबा, हात नाहीत का तुम्हाला?" हे चष्मा पुसत म्हणायचे, "दार बिघडलंय गं."

थोरल्या नातीचे दुधाचे दात पडायला लागले, त्या वर्षी थंडीच्या अखेरीस, पहाटे झोपेतच हे गेले. "थांबा — मी येते," म्हणायला मला सवडच मिळाली नाही.