फोन स्लो वाटतोय

प्रेम ही विश्वातली सर्वांत वेगवान शक्ती आहे. ते प्रकाशाच्या आधी पोचतं, आवाजाच्या आधी ऐकू येतं, आणि त्याला वाट कुणी दाखवावी लागत नाही.

मैत्री खोब्रागडेला मात्र त्या शनिवारी नारायण पेठेत चष्म्याचं एक दुकान सापडत नव्हतं. तिच्या फोनमधला निळा बाण वीस मिनिटं लकडी पुलावरच उभा होता. तो बहुधा नदी बघत असावा.

"अहो," एका बोळकंडीएवढ्या दुकानातून आवाज आला, "तुम्ही तिसऱ्यांदा जाताय. आमचं दुकान आवडलंय, की काही शोधताय?"

काउंटरमागे तिशीचा एक माणूस बसला होता. कपाळावर भिंग चढवलेलं, हातात चिमटा, चेहरा संथ.

"चष्म्याचं दुकान शोधतेय."

"ते समोरच आहे."

मैत्रीने मान वळवली. होतं. फूटभर उंचीच्या अक्षरांत.

"डोळे तपासून घ्याच," तो गंभीरपणे म्हणाला.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी फोनकडे बघत होते."

"मग फोन तपासू. द्या इकडे."

त्याचं नाव उत्तरेश्वर. राहायला वारज्याला, दुकान इथे. त्याने फोन हातात घेतला, एकदा बोट टेकवलं आणि पडदा हलायची वाट बघत शांत बसला. एखाद्याच्या घरी बेल वाजवून उभं राहावं, तसा.

"अपडेट कधी केलंत?"

"मी नाही केलं. झालं. सकाळी उठले तर घड्याळ नवीन, रंग नवीन, आणि काहीही दाबलं की..." मैत्रीने हवेत बोट धरून दाखवलं. "मी खडकीला सरकारी कचेरीत आहे. दिवसभर हेच बघते. आता खिशातही तेच."

उत्तरेश्वर हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त कपाळावरचं भिंग घसरून डोळ्यावर आलं. भिंगातून तिला त्याचा एक डोळा एकदम मोठा दिसला... आणि बराच प्रामाणिक.

"काय करावं लागेल?" तिने विचारलं.

"काही नाही. नवं सॉफ्टवेअर आलं की फोन आतल्या आत दोन-तीन दिवस सामान लावत बसतो. घर बदललं की आपण नाही का, चमचे कुठे, कुकरची शिट्टी कुठे... तसं. एकदा बंद करून चालू करा, रात्री चार्जिंगला लावून ठेवा. मंगळवारपर्यंत येईल ताळ्यावर."

इतकं खरं बोलणारा माणूस धंद्यात टिकत नाही असं म्हणतात. प्रेमात तर पहिल्याच फेरीत बाद होतो. उत्तरेश्वरच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"पण चौसष्ट जीबीतले त्रेसष्ट भरलेत. सामान लावायला जागा तर हवी! सात-आठ जीबी तरी मोकळे करा."

"तुम्हीच करा ना."

उत्तरेश्वरने भिंतीकडे बोट केलं. तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आपला पसारा आपण काढावा. आम्ही कुणाचे फोटो पाहत नाही.'

"अक्षर माझं आहे," कोपऱ्यातली खुर्ची म्हणाली. खुर्चीत इंदुबाई होत्या, जागेच्या मालकीण. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेल्या आणि अद्याप वर्गातच बसलेल्या. "मजकूर त्याचा. शुद्धलेखन मी दुरुस्त केलंय."

मैत्री स्टुलावर बसली. उत्तरेश्वरने आपलं स्टूल उलटं फिरवलं आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून तो बसला. दुकानाचा हा नियम होता. गिऱ्हाईक फोटो काढून टाकत असेल तोवर मालक भिंत बघतो.

"अकरा हजार फोटो आहेत," मैत्री त्या पाठीला म्हणाली.

"होतात," पाठ म्हणाली.

"त्यात चार हजार सुप्रभात. सगळे शंभूमामाचे. आमच्या गावाहून, भंडाऱ्याहून पाठवतो. उडवू?"

"मामा जिवंत आहेत ना?"

"अगदी ठणठणीत."

"मग उडवा. उद्या पुन्हा येईलच."

सुप्रभात गेले. कुकरचे फोटो गेले, पावत्या गेल्या, एका मैत्रिणीच्या लग्नातले एकसारखे दोनशे गेले. माणसाच्या डोळ्यांत बघून बोलताना आपण जरा आवरून बोलतो. पाठीशी बोलताना आवरायला काही नसतं. अर्ध्या तासात मैत्रीने त्या निळ्या चौकड्याच्या शर्टाला सांगून टाकलं की तिला पुण्याचं जेवण गोड लागतं, आणि पाच वर्षं झाली तरी क्वार्टरच्या खिडकीला पडदा नाही, कारण 'परत आईकडे जायचंच आहे' असं वाटत राहतं.

मग एकदम ती गप्प झाली.

"हँग झाला?" उत्तरेश्वरने भिंतीला विचारलं.

"नाही... जुना अर्ज सापडला. दोन वर्षांपूर्वी नागपूरला बदली मागितली होती. आता मिळालीय. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत ऑनलाइन होकार नाहीतर नकार कळवायचा. काहीच कळवलं नाही, तर होकार धरतात."

"मग... कळवलात?"

"अजून नाही."

"का?"

"फोन स्लो आहे ना," मैत्री म्हणाली.

इंदुबाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. पान आधीच वाचून झालेलं होतं.

*

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता ती परत आली. भुरभुर पाऊस होता. ओढणीवर थेंब होते आणि डोळ्यांवर नवा चष्मा.

"अजून स्लो वाटतोय," तिने फोन पुढे केला.

उत्तरेश्वरने बोट टेकवलं. पडदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, तव्यावर पाण्याचा थेंब नाचावा तसा. त्याने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. चष्मा छान दिसतोय हे सांगावं की फोनला काही झालेलं नाही हे सांगावं, याचा त्याने विचार केला आणि दोन्हींपैकी काहीच सांगितलं नाही.

"अ‍ॅनिमेशन कमी करून बघू," तो म्हणाला. "म्हणजे पडदा सरकतो, फिरतो, मुरडतो, तो वेळ वाचेल. सेटिंग्जमध्ये तळाला बिल्ड नंबर आहे. त्यावर सात वेळा टिचकी मारा."

"सात?"

"सातच. मग फोन म्हणतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात."

"लग्नालाही सातच पावलं लागतात," इंदुबाई म्हणाल्या. "त्यातून कुणी तज्ज्ञ झाल्याचं मात्र ऐकिवात नाही."

"आमच्यात सात-बीत नसतात, बाई," मैत्री टिचक्या मारत म्हणाली. "आम्ही बौद्ध. वंदना म्हणायची, वचनं द्यायची, हार घालायचे, जेवायचं."

"सुटसुटीत आहे," इंदुबाईंनी शेरा दिला. "उत्तरेश्वर, ऐकताय ना?"

उत्तरेश्वर ऐकत होता. कान लाल झाले होते, त्यावरून कळत होतं.

"तुम्ही भिंतीकडे का नाही वळलात आज?" मैत्रीने हळूच विचारलं.

"आज फोटो नाहीत ना... सेटिंग्ज आहेत. ती बघितलेली चालतात."

"बरं झालं. पाठ चांगली आहे तुमची, पण तिला उत्तरं जरा कमी येतात."

जाताना तिने आपला नंबर दिला. 'काही वाटलं तर' असावा म्हणून. मग दोन पावलं जाऊन मागे वळली. "मात्र कचेरीच्या वेळात करू नका. गेटवर फोन खणात ठेवायला लागतो. आत नेऊ देत नाहीत."

*

गुरुवारी संध्याकाळी सातला उत्तरेश्वरने लिहिलं, 'तुम्ही नागपूरला जाऊ नका.' पुसलं. 'तुम्ही जाणार का' लिहिलं. पुसलं. शेवटी पाठवलं ते असं: 'फोन कसा आहे?'

'बरा आहे,' तिचं उत्तर आलं.

'उद्या शेवटची तारीख ना?'

यावर तिच्या नावाखाली 'टायपिंग...' दिसू लागलं. एक मिनिट. चार मिनिटं. थांबलं, पुन्हा सुरू झालं. समोरचं चष्म्याचं दुकान बंद झालं, रस्त्यावरचे दिवे लागले, 'टायपिंग...' चालूच.

बावीस मिनिटांनी उत्तरेश्वरमधला कारागीर जागा झाला. त्याने लिहिलं: 'कीबोर्ड अडकत असेल. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे कीबोर्ड, मग स्टोरेज. कॅशे क्लिअर करा. पाच मिनिटांत सुरळीत होईल.'

'टायपिंग...' एकदम थांबलं.

'बरं,' असं उत्तर आलं. त्यापुढे काहीच नाही.

"काय पाठवलंत?" इंदुबाईंनी विचारलं. उत्तरेश्वरने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला.

"उत्तरेश्वर, त्या मुलीचा फोन मंगळवारी तुम्ही तपासलात. कसा होता?"

"एकदम फास्ट."

"मग बावीस मिनिटं वेळ कोण लावत होतं?"

उत्तरेश्वर उत्तर द्यायला गेला, आणि तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. इंदुबाई शांतपणे वाट बघत बसल्या. मठ्ठ विद्यार्थ्याला कळायला वेळ लागतो, पण कळलं की त्याला कायमचं कळतं, हा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

"बाई..." तो म्हणाला. "ती अडखळत होती."

"आणि तुम्ही तिला कॅशे क्लिअर करायला लावलीत."

*

शुक्रवारी दुपारी एक वाजता नारायण पेठेतलं ते दुकान कामाच्या दिवशी प्रथमच बंद झालं. दोन वाजता उत्तरेश्वर खडकीला कचेरीच्या गेटबाहेर, गुलमोहराखाली आपल्या स्कूटरवर बसला होता. फोन खणात असणार हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याने लावला. मग पुन्हा लावला. माणूस घाबरला की माहितीचा उपयोग होत नाही.

सहाव्या वेळी गेटवरचा पहारेकरी बाहेर आला. नाव संभाजी, मिशा भरघोस.

"एकोणचाळीस नंबरच्या खणात फोन वाजतोय मगापासून. तुम्हीच का?"

"हो."

"आत माणूस नाही, फोन आहे. तो उचलणार नाय."

"माहीत आहे."

"मग?"

"राहवत नाही," उत्तरेश्वर म्हणाला.

संभाजीने त्याला खालून वर पाहिलं. "असं हाय होय," तो म्हणाला आणि आत जाऊन एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. "बसा सावलीला. वाजवायचं तेवढं बंद करा."

साडेचारला मैत्री बाहेर आली. खणातून फोन घेताना तिला त्यावर सहा मिस्ड कॉल दिसले आणि मान वर केली तर ते कॉल करणारा समोरच खुर्चीत दिसला. तो उठला. खुर्ची त्याच्याबरोबर थोडी उठली, मग पडली.

"तुम्ही? इथे?"

"मी... ते काल... मला सांगायचं होतं, म्हणजे..."

मैत्रीने घड्याळ पाहिलं. "टायपिंग चालू आहे का?"

"हो," उत्तरेश्वर म्हणाला. "जरा थांबाल?"

"थांबते."

त्याने श्वास घेतला. गुलमोहराची चार-दोन पानं खाली आली. संभाजी गेटच्या आत अतिशय लक्षपूर्वक दुसरीकडे बघत होता.

"तुमचं गाव तिकडे, आई तिकडे. जाऊ नका म्हणायचा मला काही हक्क नाही. पण मी विचारलंच नाही आणि तुम्ही गेलात, तर मला जन्मभर वाटेल की मी एवढे फोन सुरळीत केले आणि मला एक वाक्य जमलं नाही. मला तुम्ही आवडता, मैत्री. पाठ फिरवून बसलो होतो ना, तेव्हा भिंतीत काय दिसत होतं म्हणून सांगू... जाऊ दे. जाऊ नका. झालं."

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा लावला.

"माझा फोन मंगळवारी सकाळीच बरा झाला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी तपासला ना."

"मग मी स्लो वाटतोय म्हटलं तेव्हा काहून नाही बोललात?" रागावली की तिच्या तोंडी भंडारा यायचा.

"गिऱ्हाईकाला खोटं पाडू नये."

"आणि काल मी काय लिहीत होते, माहीत आहे? 'तुम्ही थांब म्हणाल का' एवढंच. बावीस मिनिटं. आणि तुमचं काय आलं? सेटिंग्ज, अ‍ॅप्स, कीबोर्ड!"

"चुकलं."

"मी केली क्लिअर. रागात शेजारचं 'डेटा क्लिअर'ही दाबलं. मग कीबोर्ड माझे सगळे शब्द विसरला."

दोघंही हसले. यावेळी उत्तरेश्वरच्या हसण्याला आवाज होता. तो त्याला स्वतःलाच नवा वाटला.

"आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं मी सकाळी," मैत्री खाली बघत म्हणाली. "म्हटलं, नाही येत नागपूरला. ती म्हणाली, मुलगा काय करतो? म्हटलं, फोन नीट करतो. ती म्हणाली, आपल्यातला आहे का? मी म्हटलं, नाही... पण कुणाचे फोटो बघत नाही."

"मग?"

"मग म्हणाली, असा माणूस असतो का? आण एकदा, बघते."

उत्तरेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते धुळीच्या नावावर खपवलं. मैत्रीने त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. चिमटा धरून घट्टे पडलेली बोटं होती, ती तिच्या हातात हळूहळू सैल झाली. रस्त्यावरून एक बस गेली आणि दोघांपैकी कुणालाही ती ऐकू आली नाही.

पाचला बारा मिनिटं होती. मैत्रीने एका हाताने फोन उघडला, अर्ज काढला, 'नकार' या शब्दावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघून दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला.

"परत हँग?" ती घाबरली.

उत्तरेश्वरने वाकून पाहिलं. "फोनला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

मैत्रीने वरच्या कोपऱ्यात नजर टाकली आणि जीभ चावली.

"अहो... जरा तुमचा हॉटस्पॉट चालू करता का? माझा आजचा दीड जीबी सकाळीच आईवर संपलाय."