रेंजचा मोड

भुतं फक्त रात्री येतात असं ज्यानं ठरवलं, त्यानं आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिली नसावी. रात्री माणूस निदान सावध असतो. दुपारी ऊन डोळ्यांवर येतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि आपल्याला काही होणार नाही अशी एक सुस्ती अंगात भरते. बसा असे भिंतीला टेकून. फोन तेवढा बंद करा. वाजला तर मला सोसत नाही.

मी वच्छला. इथं आरमोरीत कपडे शिवते. अजय माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून त्याचं नाक पुसण्यापासून लग्नात त्याला हळद लावण्यापर्यंत सगळं मीच केलं. त्याची पिकअप गाडी होती. धानाची पोती, भाजी, मंडपाच्या खुर्च्या, जे मिळेल ते वाहायचा. गाडीवर हात छान बसलेला. खोड एकच. फोन वाजला की तो घ्यायचाच. दारात यम उभा असता तरी त्याला एक मिनिट थांबवून यानं आधी फोन घेतला असता. मी चिडायचे, तो हसायचा आणि हसता हसता पुढचा फोन घ्यायचा.

त्याची बायको चंचल बाळंतपणाला माहेरी गेली होती, गडचिरोलीला. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर दिवस राहिलेले. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून दोन आठवड्यांवर होती. मला तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायचे होते, आणि बाजारातल्या डिंकात काय काय मिसळतात ते मला ठाऊक आहे. आतल्या जंगलात बायनाबाई नावाची म्हातारी आहे, ती स्वतः झाडावरचा डिंक काढते. अजयला त्याच बाजूला तांदूळ पोचवायचा होता. म्हणाला, चल ताई, बस गाडीत.

त्या रस्त्याला जंगल लागलं की फोन मुका होतो. पुढं सगळा रस्ता रेंज नाही. ती येते फक्त एका वळणावर, जिथं रस्ता टेकडीच्या खांद्यावर चढतो. सगळे त्याला रेंजचा मोड म्हणतात. तिथं पोचलं की अडकून पडलेले सगळे मेसेज, सगळे फोन एकदम अंगावर कोसळतात. आणि त्याच वळणावर डहाळ्यांचा एक ढीग आहे. रस्त्यावर कोणी वाईट मरणानं गेलं की त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं हिरवी डहाळी ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी तो ढीग गुडघ्याएवढा होता. मोबाइल आल्यापासून माझ्या डोक्याच्या वर गेलाय.

जुने ड्रायव्हर तिथं गाडी बंद करायचे, उतरून डहाळी ठेवायचे, मग निवांत फोन लावायचे. नव्या पोरांना एवढा वेळ कुठला. एका हातानं चालत्या गाडीतून डहाळी भिरकावतात, दुसऱ्या हातात फोन. अजयही त्यातलाच.

बायनाबाईच्या अंगणात आम्ही डिंक निवडत बसलो होतो, तेवढ्यात शाळेचे मास्तर मोटरसायकलवरून आले. गडचिरोलीहूनच येत होते. म्हणाले, "अजयभाऊ, तुमच्या मिसेसले सकाळीच दवाखान्यात नेलं. त्याईचे बाबा फोन लावून लावून थकले."

अजय उठला तो थेट गाडीत. मी डिंकाची पिशवी उचलली. बायनाबाईनं घाईघाईनं दारातल्या कडुनिंबाची एक डहाळी मोडून माझ्या हातात दिली.

"थांबून ठेवजा बाई. फेकू नका," ती म्हणाली.

"काऊन?"

"फेकलेलं त्याईले पोचत नाई. मंग ते घ्याले येते."

मी मान हलवली. खरं सांगते, माझं सगळं लक्ष चंचलकडे होतं.

गाडी जंगलातून सुटली. मोहाची फुलं वेचायला झाडांखाली जाळलेल्या पाल्याचा धूर अजून झाडाझाडांत अडकून होता आणि उन्हाचा रंग त्यामुळं पिवळट, आजारी झाला होता. एक पाखरू बोलत नव्हतं. काच वर केली तरी जळका वास आत येतच राहिला. अजयनं फोन मांडीवर ठेवला होता आणि दर थोड्या वेळानं खाली बघत होता.

"समोर पाह्य," मी म्हणाले. "फोन मले दे. आला तं मी बोलतो."

"ताई, माझी बायको आहे तिथं. मले आयकू दे न तिचा आवाज."

"आयकजो न. मोडावर गाडी उभी कर, डहाळी ठेव, मंग पाह्यजे तेवढं बोल."

"हो," तो म्हणाला. मला त्याचा तो 'हो' लहानपणापासून माहीत होता. त्यात होकार नसायचा.

चढ आला. लांबूनच ढीग दिसला, वाळलेल्या काटक्यांवर ताजी हिरवी पानं. अजयनं गाडीचा वेग कमी केला नाही. त्यानं माझ्या हातातली डहाळी ओढली आणि खिडकीतून फेकली. ती ढिगापर्यंत गेलीच नाही. आमच्याच काचेवर आपटली, वायपरमध्ये अडकली आणि फडफडत राहिली.

फोन वाजला. चंचलचं नाव होतं. त्यानं कोपरानं स्टेअरिंग सावरलं आणि स्पीकर लावला.

"चंचल? बोल न... काय झालं?"

पलीकडं कोणी बोललं नाही. गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. चढावर धापा टाकणारं, आमच्या गाडीसारखंच इंजिन. मग काचेवर काहीतरी फडफडल्याचा आवाज.

"हॅलो... चंचल, गाडीत आहे काय तू?"

फोनमधून एक बाई किंचाळली. "अजय, ब्रेक मार, बांबू आहे समोर!" पाठोपाठ काच फुटल्याचा आवाज, लोखंड चुरगळल्याचा आवाज, आणि मग घशात काहीतरी भरल्यासारखी ओली घुरघुर.

"कोण वरडून राह्यलं ताई हे..." अजय फोनकडे बघत म्हणाला.

मी ओळखला होता तो आवाज. माझा होता.

मी मान वर केली. वळणाच्या पलीकडं बांबूचा ट्रक बंद पडून उभा होता. मागच्या गाड्यांना कळावं म्हणून ट्रकवाल्यानं रस्त्यावर डहाळ्या पसरल्या होत्या, पण त्या मोडावर डहाळ्यांचं कोणाला काय नवल. ट्रकच्या मागून हातभर, दोन हात बाहेर आलेले बांबू, सगळे आमच्याकडं टोकं करून.

"अजय, ब्रेक मार, बांबू आहे समोर!"

ओरडता ओरडताच मला कळलं की शब्दसुद्धा तेच आहेत. काच फुटली. एक बांबू माझ्या कानाजवळून सीटमध्ये घुसला. माझा डावा हात दारात चेपला आणि कोपरापासून उलटा फिरला. दुखलं नाही, फक्त कडकन आवाज आलेला आठवतो. धूळ बसली तेव्हा मी अजयकडं पाहिलं. बांबू त्याच्या गळ्याखाली शिरून पाठीमागे सीटच्या आरपार गेला होता. त्याचे दोन्ही हात त्या बांबूला धरून होते. तो बाजूला सारायचा प्रयत्न करत होता. रक्त बांबूच्या पेरापेरांवरून वाहत माझ्या मांडीवरच्या डिंकाच्या पिशवीत पडत होतं.

तो मला काहीतरी सांगत होता. तोंडातून फक्त ती घुरघुर येत होती. मी उजव्या हातानं त्याचा गळा दाबून धरला, रक्त थांबेल म्हणून. माझ्या बोटांतून ते गरम गरम बाहेर येत राहिलं. मी त्याला म्हणत होते, जाऊ नको बाबू, तुझं लेकरू येऊन राह्यलं.

फोन खाली पायाशी पडला होता. तो चालूच होता. त्यातूनही तीच घुरघुर येत होती, अजयच्या जरा पुढं, त्याच्या आधी. त्यात खोकला यायचा, मग अजयला यायचा. त्यात श्वास अडकायचा, मग अजयचा अडकायचा.

मग फोनमधली घुरघुर थांबली. अजयची अजून चालू होती.

तेवढा वेळ मी माझ्या भावाकडं बघत होते. तो माझ्याकडं बघत होता. त्याला फोन ऐकू आला होता की नाही, मला माहीत नाही. नसावा, असं मी रोज म्हणते.

मुलगा त्याच संध्याकाळी झाला. गुटगुटीत, अगदी अजयच्या नाकाचा. चंचलनं फोन केलाच नव्हता. तिचा फोन दिवसभर तिच्या आईच्या पिशवीत होता, चार्जिंग संपून बंद.

सव्वा महिना झाल्यावर चंचल म्हणाली, मले त्या जागी डहाळी ठेवायची आहे. मी नको नको म्हटलं. पण नवऱ्याचं तोंडही जिला नीट बघू दिलं नव्हतं, तिला किती अडवणार. सकाळी सकाळीच ऑटो केला. मोडावर ऑटो बंद करून घेतला, दोघी खाली उतरलो, तिनं बाळाला खांद्यावर घेऊन वाकून डहाळी ठेवली. सगळं रीतीप्रमाणं.

तेव्हा तिच्या हातातला फोन वाजला. मी वाकून पाहिलं. अजयचं नाव. अजयचा फोन माझ्या घरी पेटीत होता, गाडी ओढून काढताना दोन तुकडे झालेला. मी हिसकावायच्या आत तिनं कानाला लावला.

ती ऐकत राहिली. मग तिनं बाळाला एवढं करकचून धरलं की ते जागं होऊन रडायला लागलं.

"काय आयकलं चंचल? सांग..."

"ताई... प्रफुल कोण आहे?"

आमच्यात बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. बारसं व्हायचं होतं. मी मनात प्रफुल ठरवलं होतं, आणि ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? माझ्याबरोबर शाळेत एक प्रफुल होता, गोरागोमटा, गाणी म्हणायचा. माझ्या नवऱ्याला कळलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं.

"काऊन विचारून राह्यली?"

"तुम्ही वरडून राह्यल्या होत्या. प्रफुल, मांगं फिर, मांगं फिर म्हणून... मंग गाडीचा ब्रेक लागला. मंग..." ती पुढं बोलली नाही. आजवर बोललेली नाही.

बारशाला मी बाळाच्या कानात अंशुल म्हटलं. प्रफुल हा शब्द त्या दिवसापासून आम्ही दोघींनी त्याच्यासमोर तोंडातून काढलेला नाही. चंचल माझ्याकडंच राहते. फाटकाला साखळी आहे. तो अंगणात असला की दोघींपैकी एक जण अंगणात असतेच. मशीनवर बसते तीसुद्धा मी रस्त्याकडं तोंड करून. शेजारी हसतात, हसू देत.

आता तो चार वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा अंगणवाडीत नेलं. बाईंनी लाडानं नाव विचारलं. तो म्हणाला, "प्रफुल."

चंचलनं त्याचं दप्तर परत खांद्याला लावलं. मी त्याला उचलून घरी आणलं, फाटक लावलं, साखळी घातली. मग त्याला समोर बसवून हळूच विचारलं, "बाबू, तुले हे नाव कोणं सांगितलं रे?"

त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तूच तं बलावते न आत्या," तो म्हणाला. "रोज. तिकडून, रस्त्यावरून."