तक्त्यातली आडवी रेघ

हे खरं आहे. थापाच मारायच्या असत्या, तर मी स्वतःला एवढं नालायक दाखवलं असतं का?

जागा कारखाना. मिक्सरचा मोठा ड्रम. मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

ड्रम कधी फिरायचा आणि कधी नाही, याचा तक्ता मी बनवून मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये घातला होता. झाकण बंद? आत माणूस? बटण दाबलं? प्रत्येक ओळीत हो किंवा नाही, आणि शेवटी ‘चालू’ किंवा ‘बंद’. जिथे काहीही असलं तरी चालतं, तिथे आडवी रेघ.

झाकण बंद असताना आत माणूस कशाला मरायला जाईल? मी ‘आत माणूस?’च्या जागी रेघ मारली.

आत भाऊजी होते. माझ्या ताईचा नवरा, फिटर. ड्रम खरवडत होते. शिफ्ट बदलताना कुणीतरी झाकण लावलं, बटण दाबलं...

चौकशीच्या आधी मी रेघ खोडून ‘हो’ लिहिलं, पुढे ‘बंद’. आत माणूस आहे हे ओळखणाऱ्या सेन्सरची वायर मीच उपटली. म्हणालो, "भाऊजींनीच काढून ठेवली होती."

मेलेला माणूस थोडाच उलट बोलतोय!

ताई रडत विचारायची, "सगळे म्हणतात, स्वतःच्या मूर्खपणाने गेले. हे असे होते का रे?"

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठायचो.

महिन्याभराने नवा सेन्सर बसवला. झाकण लावलं. बटण दाबलं.

ड्रम हलला नाही.

लाल दिवा लागला होता... आत माणूस.

झाकण उघडलं. कुणी नाही.

सेन्सर बदलला. दोनदा. दिवा तसाच.

साहेब वैतागले. "रिकाम्या ड्रमला काय धाड भरलीय? तक्त्यात रेघ मार आणि कर चालू!"

मी लॅपटॉप उघडला. आणि झाकणाच्या आतून... अगदी हळू...

"मेहुणेबुवा, थांबा हो. मी आत आहे."

चेष्टेत ते मला अशीच हाक मारायचे. साहेब शेजारीच उभे होते. त्यांना काही ऐकू आलं नाही.

तेव्हाच सगळं कबूल केलं असतं, तर भाऊजींवरचा डाग गेला असता. पण माझी नोकरी गेली असती. ताईने तोंडावर दार लावलं असतं.

मी रेघ मारली. बटण दाबलं.

ड्रम फिरला. आतून जे ऐकू आलं... नको. ते नाही सांगवत.

मग दिवा विझला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, इतके दिवस हे घरातच वावरतायत असं वाटायचं. तेवढाच आधार होता. आज दुपारी एकाएकी घर रिकामं झालं बघ. असं का रे झालं?"

"जेवून घे, ताई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.